दीड सूर खाली

पवनकुमारला देवाने एकच गोष्ट सढळ हाताने दिली होती, ती म्हणजे कान. बाकी सगळं बेताचंच. उंची बेताची, शिक्षण बेताचं, चामराजपेटेतल्या फिफ्थ मेन रोडवरचं वडिलार्जित शिंप्याचं दुकानही बेताचंच. वकिलांचे काळे डगले आणि शाळांचे युनिफॉर्म शिवायचे, दुपारी शटर अर्धं ओढून जेवायचं आणि पुन्हा मशीनवर बसायचं. पण कान असे, की रस्त्यावरून रिक्षा गेली तर तिचा हॉर्न पेटीच्या कुठल्या पट्टीत वाजला, ते हा हातातली कात्री न थांबवता सांगायचा. अशा माणसाने काय करावं? देवळात भजनाला पेटी धरावी, गेला बाजार लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जावं. हा पठ्ठ्या पबमधल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायला गेला आणि पंचवीसेक वर्षं वाजवत राहिला. आता बेस गिटार म्हणजे काय, तर चार जाड तारांचं वाद्य. ते वाजत असतं तोवर कुणाचं लक्ष जात नाही, थांबलं की मात्र सगळ्यांना चुकल्या चुकल्यासारखं होतं. पवनच्या स्वभावाला ते शोभूनच दिसायचं.

त्याला यात ओढलं रणजीतने. रणजीतचे वडील सांगलीकडचे. हवाई दलातल्या नोकरीमुळे येलहंक्याला आले आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिले. कॉलेजच्या कँटीनमध्ये रणजीत गिटार घेऊन बसला होता, तेव्हा पिढ्यान्पिढ्या कानडी मुलखात राहूनही घरी मराठीच बोलणाऱ्या पवनने न राहवून त्याला मराठीतच सांगितलं की तिसरी तार स्वल्प उतरलीय. रणजीत आधी चमकला आणि मग पोट धरून हसला. तुझ्या मराठीला सांबाराचा वास येतो म्हणाला. पण तार त्याने ओढून बघितली, आणि खरंच उतरलेली होती. त्या दिवसापासून गिटार रणजीतची आणि ती सुरात लावायचं काम पवनचं, अशी वाटणी पडली ती पडलीच.

ढोल वाजवायला पवनच्याच गल्लीतला नागराज मिळाला. तो बस डेपोत मेकॅनिक, हातात ताकद भरपूर. तिघांनी बँडला रस्त्याचंच नाव दिलं, फिफ्थ मेन. तालमी दुकानाच्या माळ्यावर, रविवारी सकाळी. कारागिरांना सुट्टी असायची, आणि कापडाचे तागे भिंतीला लावून ठेवलेले असल्याने आवाज बाहेर फारसा जायचा नाही. वाजवायचे ते ब्लूज. काळ्या मजुरांचं, कष्टाचं आणि फसवणुकीचं गाणं. त्याला हे तिघे रॉकचा तडका द्यायचे. पवनच्या आईला वाटायचं, माळ्यावर पोरं भांडतायत.

आणि काय सांगावं, चालला की बँड! ब्रिगेड रोडच्या मागच्या गल्लीत लँटर्न नावाचा पब होता, तिथली गुरुवारची संध्याकाळ यांना मिळाली. पहिल्या महिन्यात समोर जेमतेम चार टेबलं. वर्षभरात गुरुवारी आत शिरायला जागा मिळेना. त्याला कारण रणजीतचा आवाज. खालून खरखरत यायचा आणि वर गेला की असा उघडायचा, की हातातला ग्लास लोक हातातच विसरायचे. त्याने स्वतः लिहिलेलं एक इंग्रजी गाणं होतं, येलहंका जंक्शन. फाटकापाशी थांबलेला एक माणूस आणि त्याच्यासमोरून निघून जाणारी गाडी, एवढंच त्यात. पण शेवटी रणजीत एक आरोळी द्यायचा, इंजिनाच्या शिट्टीसारखी लांब, आणि सगळा पब उभा राहायचा. त्या गाण्याची सीडी निघाली, पेपरात फोटो आले, चेन्नई-हैदराबादच्या कॉलेजांतून बोलावणी आली. नागराज डेपोतून बिनपगारी रजा काढायचा आणि साहेबाच्या शिव्या खायचा. चांगले दिवस होते. ते कुणाचे टिकले आहेत, की यांचे टिकावेत?

पुढे शहराचं जे झालं तेच पबचं झालं. भिंतीवर क्रिकेटचे पडदे आले, डीजे आले, मेट्रोसाठी रस्ता खणला तो वर्षानुवर्षं तसाच. सोबतचे बँड एकेक करत मिटले. यांचा गुरुवार तेवढा राहिला, कारण लँटर्नच्या मालकाचं लग्न म्हणे याच गाण्यावर जमलं होतं. तिघांची पोटं सुटली, केस गेले. वाजवणं म्हणजे आता गुरुवारी करायचं एक काम झालं होतं. पवनचा खांदा बेसच्या पट्ट्याने दुखायचा, पण बोलायचा नाही.

एका गुरुवारी आरोळीच्या टोकाला रणजीतचा आवाज चिरकला. लोकांच्या ध्यानात आलं नाही, पण पवनच्या आलं आणि रणजीतच्याही. वाजवून झाल्यावर तो मागच्या बोळात, बिअरच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन बसला. ट्रॅव्हल कंपनीत दिवसभर लोकांची तिकिटं काढून देणारा हा माणूस, तिथे त्याला कोण विचारतंय? घरात बायको नयना कमावती, मुलगी शिकायला बाहेर. तो खाली बघत म्हणाला,

"पव्या, हा आवाज गेला तर माझं काय उरतं रे?"

पवनने शेजारी एक क्रेट ओढला आणि टेकला. घरी जाताना त्याला वडील आठवले.

वडील, म्हणजे शामसुंदरराव, आठवडाभर मशीन चालवायचे आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात भजनासाठी तंबोरा लावून द्यायचे. गाणारे भीमाचार्य. त्यांचं वय झालं, आवाज बसत चालला, पण ताठा तोच. मग शामसुंदरराव दर वर्षी तंबोरा चिमूटभर उतरवायचे आणि पेटीवाल्याला डोळ्याने खूण करायचे. भीमाचार्य शेवटच्या शनिवारपर्यंत छातीवर हात मारून सांगत राहिले, की माझी पट्टी हललेली नाही. शामसुंदररावांचा दुकानातही हाच खाक्या. जुन्या वकिलाची कंबर वाढली तर आकडा मोठ्याने सांगायचा नाही, मुकाट शिवण सोडायची. माणसाला कपडा झाला पाहिजे, आकडा त्याला कशाला हवा, असं ते म्हणायचे. पवनला हे बाळकडूच मिळालेलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता नेहमीप्रमाणे गिटारी लावायला बसला, तेव्हा पवनने सगळ्याच्या सगळ्या अर्धा सूर खाली लावल्या. सगळीच वाद्यं सारखी उतरली की ऐकणाऱ्याला काय कळतंय? वाजवणाऱ्याची बोटंही त्याच जागी पडतात. रणजीतने गिटार हातात घेतली, एकदा झणकारली, मान हलवली. सूर बघायचं यंत्र त्याने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. पव्याचा कान असताना यंत्र कशाला, हे तो अभिमानाने चारचौघांत सांगायचा. त्या संध्याकाळी आरोळी खणखणीत लागली. उतरल्यावर रणजीतने पवनला मिठी मारली, गुळण्यांचा गुण आला म्हणाला. पवनला इतकं बरं वाटलं, की त्याने घरी येऊन हेमावतीला, म्हणजे बायकोला, कौतुकाने सगळं सांगून टाकलं. हेमावती भाकरी थापता थापता थांबली.

"हे त्यांना सांगा हो. आजच सांगा," ती म्हणाली. "उद्या सांगायला जड जाईल."

तिचं बरोबर होतं. पण बायकोचं बरोबर असलं की लगेच ऐकायचं, अशी आपल्याकडे पद्धत नाही. पवन सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि जेवायला बसला.

अर्ध्या सुराचा दोनेक वर्षांत एक झाला, आणि टाळेबंदीनंतर दीड. गाणं मुळात पेटीच्या पांढरी तीनमध्ये, ते काळी एकमध्ये येऊन बसलं. तारा इतक्या उतरवल्या की त्या सैल लागतात, हाताला कळतं. म्हणून पवनने रणजीतच्या गिटारीला जाड तारा चढवल्या आणि या कंपनीच्या जास्त टिकतात अशी थाप मारली. गिटारी पहिल्यापासून दुकानाच्या माळ्यावरच असायच्या. रणजीतच्या हवाई दलातल्या वडिलांना तेव्हा त्यांचा तिटकारा होता, आणि पुढे वडील गेले तरी सवय राहिली. जुनी सीडी रणजीत कधी लावायचा नाही, स्वतःचं लग्न पुन्हा पुन्हा काय बघायचं म्हणायचा. त्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं. नागराजला एक दिवस संशय आला. त्याने पवनला बाजूला घेऊन विचारलं, आणि ऐकून खांदे उडवले. माझ्या ढोलाला कुठे पट्टी आहे, म्हणाला, तुम्ही दोघं बघून घ्या पवनण्णा.

मग ईशान आला. पुण्याचा, तिशीतला, सर्जापूर रोडवरच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला आणि तिथेच फ्लॅटमध्ये राहणारा. गुरुवारी येऊन यांना ऐकायचा, एक दिवस कीबोर्ड घेऊनच आला. कीबोर्डच्या तारा काही पिळता येत नाहीत. पहिल्याच तालमीत त्याने आश्चर्याने वर बघितलं, आणि तो तोंड उघडणार तेवढ्यात पवन त्याला चहाच्या निमित्ताने खाली घेऊन गेला. ईशानला ते पटलं नाही. पण वडीलधारी माणसं, त्यात आपण नवे, म्हणून त्याने कीबोर्डवरचं बटण दाबून आपलीही पट्टी उतरवली आणि गप्प राहिला. एका माणसापासून एक गोष्ट लपवायला आता तिघे लागत होते. पवन दर गुरुवारी चार वाजता पबमध्ये जाऊन बसायचा. कधीतरी सांगू, असं म्हणायचा आणि तारा उतरवायचा. कंटाळला होता हो तो, पण थांबणार कसा? थांबायचं म्हणजे सांगायचं.

एका रविवारी रणजीत माळ्याचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढला. ईशानच्या ऑफिसातल्या पोरांचा एक बँड होता. सर्जापूर रोडवर जागेवरच बिअर बनवून विकणारी एक नवी मोठी ब्रुअरी उघडली होती, तिथल्या अंगणात रविवारी दुपारी पोरं वाजवायची. त्यांनी शहरातली जुनी गाणी वाजवायचा कार्यक्रम ठरवला होता, येलहंका जंक्शन सीडीवरून जसंच्या तसं बसवलं होतं, आणि रणजीतला फोन करून विचारलं होतं की सर, तुम्ही येऊन गाल का? वाजवणारे सगळे त्यांचेच. बाकीच्यांनी फक्त ऐकायला यायचं. सांगताना रणजीतचा चेहरा असा फुलला होता, की नागराजसुद्धा खाली बघायला लागला.

पवनच्या ध्यानात एक साधी गोष्ट इतकी वर्षं आली नव्हती. भीमाचार्य त्या देवळाबाहेर कधी गायलेच नव्हते.

त्याने ईशानला गाठून विनवलं, की पोरांना सांग ना, गाणं गुपचूप दीड सूर खाली घ्या. ईशानने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. मी इतके दिवस गप्प बसलो तीच चूक झाली, आता त्या पोरांनाही यात ओढायचं का? आणि मी सांगणं बरं नाही, माझ्या तोंडून ऐकलं तर रणजीतदादांना जास्त लागेल. "पवनदादा, तुम्हीच सांगा. रविवारच्या आत सांगा," एवढं बोलून तो गेला.

पवन बुधवारी दुकान कारागिरांवर टाकून बसने येलहंक्याला गेला. मनाशी वाक्यं जुळवली होती. पण दार उघडलं तेच रणजीतने, आणि हातात नवा निळा शर्ट. सिगारेट सोडलीय, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत, नयना म्हणतेय की मी पुन्हा कॉलेजातला दिसतो. नयनाने पोहे केले. तीही हसत होती, आणि पवनला आठवेना की त्या घरात दोघांना एकदम हसताना त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं. जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला. त्याने आडून आडून बोलून पाहिलं. नवी पोरं आहेत, त्यांच्याबरोबर एकदा तालीम करून घे. रणजीत म्हणाला, माझंच गाणं, त्याची मला कसली तालीम? बरं, मग शेवटची आरोळी तेवढी सोडून दे, उन्हात घसा धरतो. रणजीत त्याच्याकडे बघतच राहिला.

"अरे, तेवढ्यासाठीच तर लोक येतात," तो म्हणाला. "तूच म्हणतोस ना, अजून तस्सा आहे म्हणून?"

पवन म्हणाला, हो. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यांचा उपयोग काय? उतरल्यावर तो दुकानात गेला आणि एका शाळेच्या अर्ध्या चड्ड्या कापत बसला.

रविवारी दुपारी ब्रुअरीच्या अंगणात तोबा गर्दी. बाबागाड्या घेऊन आलेली जोडपी, कुत्री, कॉलेजातली पोरं, आणि मधूनमधून लँटर्नच्या काळातले पांढऱ्या केसांचे काही ओळखीचे. पवन आणि नागराज मागे झाडाखाली उभे राहिले. पोरं चांगली वाजवत होती, हे पवनला कबूल करावंच लागलं. मग रणजीतचं नाव पुकारलं, निळा शर्ट स्टेजवर चढला, टाळ्या झाल्या. गाणं सुरू झालं, अस्सल पांढरी तीनमध्ये.

पहिल्याच ओळीला रणजीतचा चेहरा बदलला. कुणीतरी आपल्याला उचलून दुसऱ्याच्या जिन्यावर ठेवावं तसा. त्याला वाटलं, पोराची गिटार चढली आहे. त्याने गाता गाताच त्या पोराला हाताने खाली, खाली अशी खूण केली. पोर गडबडलं. पायाशी ठेवलेल्या यंत्रात बघितलं, हिरवा दिवा होता, आणि त्याने आदराने अंगठा वर केला की सर, सगळं बरोबर आहे. रणजीतने दुसरं कडवं कसंबसं ओढलं. मानेच्या शिरा पवनला झाडाखालूनही दिसत होत्या. आता तरी आरोळी सोड, सोड रे, असं तो मनात म्हणत होता, नव्हे, त्याचे ओठ हलत होते. पण रणजीतने आयुष्यात ती सोडली नव्हती. त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि आवाज टाकला.

तो गेला वर आणि मधेच फाटला. नुसता चिरकला नाही, फाटला, आणि मग काही निघालंच नाही, नुसती हवा. क्षणभर पोरंही वाजवायची थांबली. समोर चार-पाच जण फोनवर टिपत होते, एका टेबलावर कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या माणसाला वाजवतात तशा. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. रणजीतने माइक लोकांपुढे धरला, तुम्ही म्हणा असं दाखवत गाणं संपवलं आणि हसतमुखाने हातही जोडले. पण स्टेजवरून उतरण्याआधी तो त्या पोराजवळ गेला. त्याची गिटार मागून घेतली, सगळ्यात जाड तार एकदा छेडली, वाकून यंत्रात काय अक्षर उमटलं ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा छेडली. शेवटी माणूस गाणारा होता. त्याने मान वर केली आणि सगळ्या गर्दीवरून सरळ झाडाखाली उभ्या असलेल्या पवनकडे बघितलं.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रणजीत दुकानात आला. पवनशी न बोलता माळ्यावर गेला, खिशातून काडेपेटीएवढं नवंकोरं यंत्र काढून आपल्या गिटारीच्या डोक्याला लावलं आणि तार छेडली. पवन मागोमाग चढून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला.

"दीड सूर," रणजीत म्हणाला. "कधीपासून?"

पवनने खरं ते सांगितलं. बोळातल्या त्या संध्याकाळपासून, थोडं थोडं करत. रणजीतने विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं. पवनने तेही सांगितलं, आणि म्हणाला की तुझं मन मोडू नये म्हणून केलं, चार लोकांत तुझी शोभा होऊ नये म्हणून केलं. हे बोलताना त्याचं त्यालाच ते कसनुसं वाटलं. रणजीत चिडेल, गिटार आपटेल, अशी त्याने तयारी केली होती. तसं काही झालं नाही. रणजीत कापडाच्या ताग्यावर बसला, आणि किती थकलाय हा, असं पवनला पहिल्यांदाच दिसलं.

"शोभा झाली त्याचं काही नाही रे," तो हळू बोलत होता. "अरे, ब्लूज म्हणजे थकल्या गळ्याचंच गाणं. म्हातारे लोक काय गातात ते! आवाज उतरलाय हे मला कळलं असतं, तर मी उतरल्या आवाजात गायला शिकलो असतो. आरोळी टाकून दिली असती, दुसरं काहीतरी सापडलं असतं. तू मला म्हातारा होऊच दिलं नाहीस. मी वेड्यासारखा ओरडत राहिलो, आणि तुम्ही तिघं मागून बघत राहिलात."

पवनच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकलं माझं, असं तो म्हणाला, पण ते इतकं तोकडं होतं की रणजीतने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने दोन्ही गिटारी पिशव्यांत घातल्या. पवन एक उचलायला पुढे झाला, तर राहू दे म्हणाला. खाली हेमावती कॉफी घेऊन उभी होती. तिला मात्र त्याने, नको अक्का, असं नीट सांगितलं, आणि रिक्षात बसून गेला.

बँड असा संपला. भांडण नाही, घोषणा नाही. लँटर्नच्या मॅनेजरला पवनने फोन करून सांगितलं, त्याने बरं म्हटलं आणि गुरुवार क्विझवाल्यांना देऊन टाकला. नागराजने ढोल मेहुण्याच्या घरी नेऊन ठेवले. गुरुवारी चार वाजले की पवन उगाच चुळबुळायचा, हेमावती त्याला काजं करायला द्यायची. दोनदा त्याने रणजीतला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा नयनाने उचलला आणि ते बाहेर गेलेत म्हणाली. मागून रणजीतच्या खोकल्याचा आवाज येत होता.

सहा-सात महिने असेच गेले, आणि ईशानचा निरोप आला. येलहंक्याच्या जुन्या गावात एका छोट्या कॅफेत रणजीतदादा शनिवारी दुपारी एकटे बसून गातात, जाऊन ऐका. पवन हो-नाही करत राहिला. शेवटी हेमावतीनेच त्याच्या हातात छत्री आणि बसचे सुटे पैसे ठेवले.

कॅफे म्हणजे कुणाच्या तरी घराचा ओटा आणि पुढची खोली. पंधरा-वीस माणसं. माइक नव्हता. रणजीत खुर्चीवर बसला होता, चष्मा लावलेला, मांडीवर गिटार. पवन दाराबाहेरच थांबला. गाणं नवं होतं, कधीच न ऐकलेलं. आवाज खालीच राहत होता, बोलण्यापेक्षा जेमतेम वर, आणि जिथे चिरत होता तिथे रणजीत त्याला चिरू देत होता. एका ओळीपाशी तो थांबला, श्वास घेतला, आणि ती ओळ जवळजवळ पुटपुटला. ओट्यावरची एक बाई पदराने डोळे पुसत होती. पवनने पंचवीस वर्षं या माणसाच्या मागे उभं राहून वाजवलं होतं, पण त्याला असं गाताना कधी ऐकलं नव्हतं. बोळातल्या त्या संध्याकाळनंतर रणजीत रोज असा गाऊ शकला असता, आणि मागे आपण वाजवत असतो. ते सगळे गुरुवार आपण आपल्या हाताने घालवले, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

गाणं संपल्यावर रणजीत पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. पवनला बघून थांबला. रागावलेला दिसला नाही. कधी आलास, घरी सगळे बरे का, एवढं विचारून झालं. मग तो बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

"कसा गायलो?" त्याने विचारलं.

"फार सुंदर," पवन म्हणाला. "खरंच, इतका सुंदर तू कधीच गायला नव्हतास."

रणजीतने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी शोधत होता तो त्याच्या तोंडावर, आणि त्याला ते सापडलं नाही.

"तू तर नेहमीच असं म्हणायचास," तो म्हणाला. रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगावं तसं. त्याने बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तो पुढचं गाणं म्हणायला आत गेला. पवन आणखी थोडा वेळ दारात उभा राहिला, मग रस्ता ओलांडून मॅजेस्टिक स्टँडला जाणाऱ्या बसची वाट बघू लागला.